गॅलरी वाढवायची का? मैदानाच्या क्षमतेचे गणित

एखाद्या मैदानाच्या गॅलरीत किती प्रेक्षक मावतात, हा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी आधी एका माणसाला बसायला किती जागा लागते ते विचारतील, मग गॅलरीची लांबी आणि पायऱ्यांची संख्या विचारतील आणि गुणाकार-भागाकार करून उत्तर सांगतील. हिशेब बरोबर असेल, पण उत्तर बहुधा चुकेल. मैदानाची क्षमता ठरवणारा हा केवळ पहिला आकडा आहे, आणि तो सहसा सर्वांत मोठा असतो. त्याच्यामागे आणखी चार-पाच आकडे दडलेले असतात. ते कोणते आणि ते कसे काढायचे, हे या लेखात पाहू या. यातला बराचसा भाग आठवी ते बारावीच्या गणित-विज्ञानात बसणारा आहे.

उदाहरणासाठी आपण तळवडे निवडू. देहू आणि निगडी यांच्यामध्ये इंद्रायणीकाठी वसलेले हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. आज तिथे लहानमोठे कारखाने आहेत, सॉफ्टवेअर कंपन्या आहेत, आणि चाकणकडे जाणारी अवजड वाहतूक आहे. अशा ठिकाणी एक महाविद्यालय आहे अशी कल्पना करा. त्याच्या फुटबॉल मैदानाच्या एका बाजूला खांबांवर उभी केलेली काँक्रीटची गॅलरी आहे. १० रांगा आणि प्रत्येक रांगेत १०० प्रेक्षक, म्हणजे एकूण १,००० जागा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्याला मुले गेटवर चढून बसतात, म्हणून संस्थेने क्षमता ३,००० करायचे मनात घेतले आहे. त्यांनी ती वाढवावी का?

महाविद्यालय काल्पनिक असले तरी प्रश्न खरा आहे. अमेरिकेत तो दर पिढीला विचारला जातो. मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉल मैदान १९२७ साली बांधले तेव्हा तिथे ७२ हजार माणसे बसत. ते वाढत वाढत आज १ लाख ७ हजारांच्या वर गेले आहे. (तिथला फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळा, हातात चेंडू घेऊन पळण्याचा.) आपल्याकडे शिक्षणसंस्थेच्या आवारात एवढे मोठे मैदान म्हटले की नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम आठवते. ते २००८ साली क्रिकेटसाठी सुरू झाले. पुढे २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचा एक उपांत्य सामना तिथे झाला. आणि फुटबॉलचे प्रेक्षक म्हटले तर कोल्हापूरला विसरून चालणार नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा अशा तालमींच्या संघांचे सामने पाहायला छत्रपती शाहू स्टेडियमवर जी गर्दी लोटते, ती पाहिली की गॅलरी अपुरी पडते म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही.

आकडे खाली का आले?

वाढीचा विचार करण्यापूर्वी एक उलटी गोष्ट लक्षात घेऊ. गेल्या काही दशकांत जगातील अनेक नामवंत मैदानांची क्षमता कमी झाली आहे, तीही पुष्कळ पैसा खर्च करून. मुंबईचे वानखेडे स्टेडियम याचे जवळचे उदाहरण. ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या तिकिटांच्या वाटपावरून वाद झाला आणि त्यातून १९७४-७५ च्या सुमारास हे दुसरे मैदान उभे राहिले. म्हणजे त्याचा जन्मच आसनांच्या तंट्यातून झाला. परंतु २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा जागा वाढल्या नाहीत. त्या घटून सुमारे ३३ हजारांवर आल्या.

कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानात १३ जुलै १९९७ रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याला १ लाख ३१ हजारांवर प्रेक्षक होते. त्याच मैदानात २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, त्याला सुमारे ६६ हजार प्रेक्षक होते. मैदान तेच राहिले आणि प्रेक्षकांची संख्या निम्मी झाली. सलग बाकांच्या किंवा पायऱ्यांच्या जागी प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची आली, दोन रांगांतील अंतर वाढले, जाण्या-येण्याच्या वाटा रुंद झाल्या, आणि एवढे सगळे केल्यावर जागा कमी भरल्या.

यावरून एवढे दिसते की जुन्या आकड्यात असे काहीतरी धरले होते जे धरायला नको होते. ते काय, हे आता एकेक करून तपासू.

पहिला आकडा : किती जणांना दिसते?

गॅलरीतील माणूस सामना पाहायला येतो. समोर बसलेल्याच्या डोक्यावरून त्याला मैदानाची जवळची कडा दिसली पाहिजे. गॅलरीला उतार असतो तो यासाठी. हा उतार किती असावा याचा पद्धतशीर विचार १८३८ साली जॉन स्कॉट रसेल या स्कॉटिश अभियंत्याने मांडला. कालव्यातून न मोडता पुढे जाणारी एकाकी लाट पाहून तिचा घोड्यावरून पाठलाग करणारा रसेल तो हाच.

यातील भूमिती समरूप त्रिकोणांची आहे. मैदानाच्या कडेवरचा एक बिंदू घ्या. पुढच्या प्रेक्षकाचा डोळा त्या बिंदूपासून आडव्या अंतराने ‘अ’ इतका दूर आणि ‘उ’ इतका उंच आहे. मागच्या प्रेक्षकाचा डोळा ‘र’ (रांगेची रुंदी) इतका आणखी मागे आणि ‘प’ (पायरीची उंची) इतका आणखी वर आहे. मागच्याच्या डोळ्यापासून त्या बिंदूपर्यंत रेषा काढली तर ती पुढच्याच्या डोळ्यावरून किती उंचीने जाते? समरूप त्रिकोणांवरून उत्तर असे मिळते :

मोकळी उंची = अ × (उ + प) ÷ (अ + र) − उ

ही मोकळी उंची ९ सेंटिमीटर असेल तर दृष्टी चांगली मानतात. ६ सेंटिमीटरच्या आसपास मान थोडी वाकडी करावी लागते. त्याहून बरीच कमी झाली की लोक उभे राहतात, आणि एक उभा राहिला की त्याच्या मागची सगळी रांग उभी राहते.

आता आपल्या महाविद्यालयाची गॅलरी घेऊ. पहिल्या रांगेतील डोळा कडेपासून ८ मीटर दूर आणि १.६ मीटर उंच आहे. रांगेची रुंदी ८० सेंटिमीटर, पायरीची उंची २६ सेंटिमीटर. सूत्रात आकडे घातले तर पहिल्या व दुसऱ्या रांगेमध्ये मोकळी उंची ९ सेंटिमीटर येते. नवव्या व दहाव्या रांगेमध्ये ती ५ सेंटिमीटर येते. थोडी कमी आहे, पण चालून जाते. सगळ्या पायऱ्या सारख्याच उंचीच्या ठेवून हीच गॅलरी ३० रांगांपर्यंत नेली तर शेवटच्या रांगेला जेमतेम अडीच सेंटिमीटर उरतात. म्हणजे नव्या २० रांगांपैकी वरच्या बऱ्याच रांगांतून पुढच्याची टोपी दिसेल.

उपाय असा की वर जाताना प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी उंच करायची. प्रत्येक रांगेला ९ सेंटिमीटर मोकळे ठेवायचे ठरवून हिशेब केला तर दहाव्या रांगेजवळ पायरी ३१ सेंटिमीटरची, आणि तिसाव्या रांगेजवळ सुमारे ३८ सेंटिमीटरची होते. शेवटच्या प्रेक्षकाचा डोळा मैदानापासून ११ मीटरवर जातो. पायऱ्या सारख्या ठेवल्या असत्या तर तो ९ मीटरच्या थोडा वर राहिला असता. ३८ सेंटिमीटरच्या पायरीवरून रोजच्या जिन्यासारखे चढता येत नाही, म्हणून जाण्या-येण्याच्या वाटेत प्रत्येक रांगेमागे दोन-दोन पायऱ्या कराव्या लागतात. रांगा वाढतात तसा उतार वक्र होतो, आणि बांधकामाची उंची रांगांच्या संख्येपेक्षा वेगाने वाढते. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब रांगेमागून रांग असा मांडला तर त्यांना त्यात हरात्मक श्रेणी भेटेल.

दुसरा आकडा : किती जण बाहेर पडतात?

कारखान्याची शिफ्ट सुटताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. कामावर येणारी माणसे अर्ध्या-पाऊण तासात पांगून येतात. सुटताना मात्र भोंगा एकच असतो. सामन्याचेही तसेच. आत येणारे दीड तास येत असतात, आणि शेवटची शिट्टी झाली की सगळे एकदम उठतात. म्हणून मैदानाची रचना बाहेर पडण्याच्या हिशेबाने करावी लागते.

हा धडा महागात शिकला गेला. २ जानेवारी १९७१ रोजी ग्लासगो शहरातील आयब्रॉक्स मैदानावर सामना संपल्यावर बाहेर पडणाऱ्या एका जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन ६६ माणसे मेली. त्यानंतर १९७३ साली ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेची मार्गदर्शिका निघाली. तिच्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. बाहेर पडण्याच्या वाटेविषयी त्यातील दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीला मिनिटाला ८२ माणसे जाऊ शकतात, जिन्यावरून ६६. आणि गॅलरीतील सर्वांना जास्तीत जास्त ८ मिनिटांत मोकळ्या वाहत्या वाटेला लागता आले पाहिजे.

हा प्रवाह पाण्यासारखा मोजता येतो : दर चौरस मीटरला असलेली माणसे × त्यांचा वेग × वाटेची रुंदी. चौरस मीटरमध्ये दोन माणसे असतील तर ती सेकंदाला साधारण ०.७ मीटर चालतात. एका मीटर रुंदीतून सेकंदाला १.४, म्हणजे मिनिटाला ८४ माणसे जातात. जवळजवळ तोच आकडा. पण नळात दाब वाढवला की पाणी जास्त येते, तसे माणसांचे होत नाही. चौरस मीटरला चार-पाच माणसे झाली की पाऊल टाकायला जागा उरत नाही, वेग कोसळतो आणि त्याबरोबर प्रवाहही. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या इच्छेने हलू शकत नाही. मागून आलेला रेटा गर्दीतून लाटेसारखा पुढे जातो, आणि मृत्यू बहुधा छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतो. घाई केली की दारात माणसे कमानीसारखी एकमेकांना अडकतात आणि बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. हे हेल्बिंग, फारकास आणि व्हिचेक यांनी २००० साली गणिती प्रतिरूपाने दाखवले. मुंबईत २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ जणांचा जीव गेला, तोही एका अरुंद जिन्यावर.

आता आपली गॅलरी. तिला दीड मीटर रुंदीचे दोन जिने आहेत. एकूण रुंदी ३ मीटर. मिनिटाला ३ × ६६ = १९८ माणसे, आणि ८ मिनिटांत १,५८४. सध्याच्या हजार प्रेक्षकांना हे जिने पुरेसे आहेत, पाच मिनिटांत गॅलरी रिकामी होते. प्रेक्षक ३,००० केले आणि जिने तेच ठेवले तर पंधरा मिनिटे लागतील. आठ मिनिटांत मोकळे करायचे तर जिन्यांची एकूण रुंदी ५.७ मीटर हवी, म्हणजे दीड मीटरचे चार जिने. त्यांतला एखादा आगीमुळे किंवा कुलपामुळे बंद राहिला तर उरलेले तीन ८ मिनिटांत २,३७६ माणसेच सोडू शकतात. म्हणून जिने पाच हवेत. नव्या जिन्यांना लागणारी जागा गॅलरीतून जाईल आणि तेवढी आसने कमी होतील. पायऱ्यांच्या लांबीला माणसाच्या रुंदीने भागून आलेला आकडा इथेच पहिल्यांदा घसरतो.

जिने उतरलेली माणसे आवाराच्या फाटकाशी येतात. फाटक ४ मीटर रुंद असेल तर ८ मिनिटांत त्यातून ४ × ८२ × ८ = २,६२४ माणसे जातील. म्हणजे पाच जिने बांधूनही अडचण फाटकाशी येणार, आणि तीही फाटक पूर्ण उघडे असेल व बाहेर रिक्षा, हातगाड्या नसतील तर.

तिसरा आकडा : बांधकाम किती जणांना पेलते?

आपल्या देशातील प्रमाणानुसार बांधील आसने नसलेल्या गर्दीच्या जागेसाठी दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलोग्रॅम भार धरतात. जुन्या गॅलरीचे खांब आणि पाया दहा रांगांसाठी रचलेले आहेत. त्यांच्यावर आणखी वीस रांगा चढवणे म्हणजे दोनमजली इमारतीवर परवानगीशिवाय आणखी मजले चढवण्यासारखेच. आपल्या भागात पाया काळ्या मातीत असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून पाया खालच्या मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. तो तसा नेला आहे की नाही हे खणून पाहिल्याशिवाय कळत नाही.

प्रेक्षक नुसते बसत नाहीत, ते नाचतात. गोल झाला की टाळ्यांच्या तालावर सेकंदाला सुमारे दोन उड्या पडतात. झोक्याला योग्य वेळी हलका धक्का देत राहिले तर तो उंच जातो, हे मुलांना माहीत असते. गॅलरीची स्वतःची कंपनसंख्या उड्यांच्या वारंवारतेजवळ आली तर तिथेही तेच होते. याला अनुनाद म्हणतात. एका टोकाला आधार असलेल्या, पुढे झुकलेल्या तुळईची कंपनसंख्या तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. समजा, अशा झुकत्या भागाची कंपनसंख्या सेकंदाला ५ आहे. जास्त रांगा मिळाव्यात म्हणून जाडी तीच ठेवून तो दीडपट लांब केला, तर कंपनसंख्या ५ ÷ २.२५, म्हणजे सुमारे २.२ होईल. आधी सुरक्षित अंतरावर असलेली गॅलरी आता नेमकी उड्यांच्या तालाजवळ येऊन बसली.

घाईने वाढवलेल्या गॅलरीचा इतिहास दुःखद आहे. २६ नोव्हेंबर १९९५ रोजी नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या जुन्या मैदानावर भारत-न्यूझीलंड सामना चालू होता. मधल्या सुट्टीत पूर्वेकडच्या गॅलरीत नव्याने बांधलेली भिंत कोसळली आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. पुढे २००८ मध्ये नागपुरात आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी वर्धा मार्गावर जामठ्याला नवे मैदान आले. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर बास्तिया येथे तर क्षमता वाढवण्याचीच घाई झाली होती. ५ मे १९९२ च्या उपांत्य सामन्यासाठी जुनी गॅलरी पाडून थोड्या दिवसांत मोठी तात्पुरती गॅलरी उभारली गेली. सामना सुरू होण्याआधीच तिचा वरचा भाग कोसळला. त्यात अठरा माणसे दगावली आणि दोन हजारांवर जखमी झाली. आपल्याकडे केरळात मलप्पुरम जिल्ह्यात १९ मार्च २०२२ रोजी फुटबॉल सामन्याची तात्पुरती गॅलरी पडून शंभरांवर लोक जखमी झाले. म्हणून ‘एका दिवसापुरते बांबू बांधून घेऊ’ हा सोपा वाटणारा मार्ग तपासणीशिवाय घेता येत नाही.

चौथा आकडा : रस्ता आणि पाणी किती जणांना पुरते?

तळवड्याहून सर्वांत जवळचे मोठे मैदान गहुंज्याचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान १ एप्रिल २०१२ रोजी सुरू झाले. तिथे सुमारे ३७ हजार माणसे बसतात. यांतली निम्मी माणसे मोटारीतून आली आणि एका मोटारीत तिघे असले, तर सहा हजारांवर मोटारी होतात. एका मोटारीला वळणावाटांसह २५ चौरस मीटर जागा धरली, तर पंधरा हेक्टर जमीन नुसती गाड्या उभ्या करायला लागते. रस्त्याच्या एका पट्ट्यातून तासाला फार तर १,८०० मोटारी जातात. म्हणजे एकच पट्टा मोकळा असेल तर शेवटची गाडी बाहेर पडायला सव्वातीन तासांहून जास्त वेळ लागेल. पाण्याचा अनुभवही याच मैदानावरचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्या दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांना पिण्याचे पाणी कमी पडले आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

आपल्या महाविद्यालयासाठी हिशेब लहान आहे, पण आहेच. तीन हजार माणसांना प्रत्येकी दोन लिटर धरले तर ६,००० लिटर पिण्याचे पाणी. ये-जा बसने केली तर पन्नास माणसांच्या साठ बस. या औद्योगिक पट्ट्यात कामगारांना नेणाऱ्या शेकडो बस धावतात. सामना सुट्टीच्या दिवशी ठेवला तर त्यांतल्या काही भाड्याने मिळू शकतील. सामना शिफ्ट सुटण्याच्या वेळी संपणार असेल तर मात्र चाकणच्या अवजड वाहतुकीत ही गर्दी मिसळेल, आणि रुग्णवाहिकेला वाट मिळणार नाही.

पाचवा आकडा : किती दिवस भरते?

आतापर्यंतचे चार आकडे ‘किती माणसे बसवता येतील’ हे सांगतात. ‘बसवावीत का’ हे सांगायला आणखी एक हवा. समजा, या मैदानावर वर्षात २० सामने होतात. पंधरांना सुमारे ४००, चारांना ९०० आणि अंतिम सामन्याला ३,००० लोक येतात. आज १,००० जागा आहेत, म्हणजे एकोणीस दिवस गॅलरी पुरते. नव्या २,००० जागा वर्षातून एक दिवस भरतील. त्यांचा खर्च, रंगरंगोटी आणि दर काही वर्षांनी करायची बांधकाम तपासणी मात्र ३६५ दिवसांची.

इथे सरासरी फसवी ठरते. वरच्या वीस सामन्यांची सरासरी ६३० येते. ती पाहिली तर गॅलरी अर्धी रिकामी वाटते, आणि अंतिम सामना पाहिला तर तिप्पट अपुरी. शिक्षकांनी सरासरी आणि वितरण यांतला फरक शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

मागणी कितीही वाढू शकते हेही लक्षात ठेवावे. ४ जून २०२५ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानाच्या दारांबाहेर विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत ११ जणांचा मृत्यू झाला. लोक मैदानात मावतील त्याच्या अनेक पटींनी आले होते. दहा-वीस हजार जागा जास्त असत्या तरी तो दिवस वेगळा गेला असता असे म्हणता येत नाही. तिकिटांची संख्या आधी ठरवणे, ती आधी जाहीर करणे आणि माणसे दारापर्यंत पोचण्याआधीच त्यांची विभागणी करणे, ही कामे आसने वाढवून होत नाहीत.

मग वाढवावी का?

रसायनशास्त्रात जे अभिक्रियाकारक सर्वांत आधी संपते तेच उत्पादन किती होणार ते ठरवते. बाकीची कितीही शिल्लक असली तरी उपयोग नाही. मैदानाची क्षमता तशीच ठरते. आपल्या उदाहरणात ३० रांगा केल्या तर बसायला जागा ३,०००, फाटकातून सुटणारी माणसे २,६२४, एक जिना बंद धरला तर आजच्या जिन्यांतून सुटणारी माणसे ७९२, आणि जुन्या खांबांना पेलणारी फक्त १,०००. यांतला सर्वांत लहान आकडा खरा. म्हणजे आजच्या १,००० जागांनाही आणखी एक जिना हवा आहे! वाढीचा विचार करताना आधी हे कळले, हाच या हिशेबाचा मोठा फायदा.

आम्ही या संस्थेला सल्ला द्यायचा तर तो असा देऊ. जुन्या गॅलरीवर रांगा चढवू नयेत. आधी तिसरा जिना आणि दुसरे फाटक करावे. हा खर्च वाढ झाली नाही तरी वाया जात नाही. मग अंतिम सामन्याचा एक दिवस सोडून इतर दिवशी गॅलरी खरोखर भरते का, हे दोन-तीन वर्षे मोजावे. भरत असेल तर मैदानाच्या समोरच्या बाजूला, जमिनीवर मातीचा भराव नीट धुमसून, १०० मीटर लांबीच्या दहाच रांगांच्या पायऱ्या कराव्यात. प्रत्येक रांगेत २०० माणसे, म्हणजे २,००० जागा. इथे झुकती तुळई नाही, त्यामुळे अनुनादाचा प्रश्न जवळजवळ मिटतो. दहाच रांगा असल्याने दृष्टी चांगली राहते. आणि बाहेर पडण्याच्या वाटा जुन्या गॅलरीपासून वेगळ्या ठेवता येतात. मिशिगनचे अवाढव्य मैदानही बरेचसे जमिनीत खोदलेले आहे. एक उणीव राहील. मैदान दक्षिणोत्तर असेल आणि जुनी गॅलरी पश्चिमेला असेल, तर समोरच्या नव्या पायऱ्यांवर बसणाऱ्यांच्या डोळ्यांवर संध्याकाळचे ऊन येईल. त्यासाठी पायऱ्यांमागे झाडे लावून भागणार नाही, कारण ऊन समोरून येते. सामन्याची वेळच बदलावी लागेल. अर्थात प्रत्यक्ष बांधकामाआधी संरचना अभियंत्याचा दाखला आणि अग्निशमन विभागाची परवानगी हवीच. वरचा हिशेब त्यांना योग्य प्रश्न विचारण्यासाठी आहे.

वर्गात करण्यासारखे

हे गणित मैदानापुरते नाही. शाळेचे सभागृह, स्नेहसंमेलनाचा मांडव, प्रार्थनेनंतरचा जिना, या सगळ्यांना ते लागू पडते. तळवड्याच्या परिसराला हे सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ रोजी इथल्याच एका छोट्या कारखान्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवताना आग लागून कामगार स्त्रियांचे प्राण गेले.

विद्यार्थ्यांकडून पुढील मोजणी करून घ्यावी. शाळा सुटताना दोघांनी घड्याळ घेऊन एका दारापाशी उभे राहावे आणि एका मिनिटात किती जण बाहेर पडतात ते मोजावे. दाराची रुंदी मीटरपट्टीने मोजून दर मीटरला मिनिटाला किती माणसे पडतात ते काढावे. उत्तर ८२ च्या जवळ येते का ते पाहावे. दाराची एकच झडप उघडी ठेवण्याची सवय असेल तर आकडा का घटतो, हेही विचारावे. मग सभागृहातील मुलांची संख्या घेऊन ते रिकामे व्हायला किती मिनिटे लागतील हे आधी कागदावर काढावे आणि नंतर शांतपणे, रांगेने बाहेर पडून ताडून पाहावे. धावणे किंवा ढकलणे यांचा प्रयोग चुकूनही करू नये.

मोजणी झाल्यावर एक साधा कागद तयार करावा : या सभागृहात एकावेळी इतकीच मुले, आणि इतकी दारे कुलपाविना उघडी. तो मुख्याध्यापकांच्या सहीने दाराशी लावावा. पुढच्या स्नेहसंमेलनाला पालकांची गर्दी झाली की त्या कागदावरचा आकडा पाळायचा की नाही, हा निर्णय मात्र शाळेचा.